दंडजुडी, स्वस्तिक आणि खाकी : मालवणच्या एका दप्तरावरून

मालवण बंदरांतील एका जुन्या पेढीचें दप्तर गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आलें. दप्तर मोठें नाहीं. तीन रुमाल, आणि त्यांत कीर्दी, खतावण्या, तारवांच्या भाड्याचे हिशेब व थोडा घरगुती पत्रव्यवहार. काळही फार जुना नव्हे. बहुतेक कागद सन १९२० ते १९४० या वीस वर्षांतले. असें असतां त्याविषयीं या त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण इतकेंच कीं, त्यांतील दोन कीर्दींचीं पहिलीं पानें मुळापासून नाहींशीं झालेलीं आढळलीं, आणि तीं कसरीनें किंवा वाळवीनें खाल्लीं नव्हतीं. वारसानें स्वतः फाडलीं होतीं. वारस तरुण असून नोकरीनिमित्त जर्मनींत राहतो. पणज्याच्या वह्या तिकडे नेऊन त्यांची सुबक छायाचित्रें घ्यावीं असा त्याचा स्तुत्य हेतु होता. परंतु पहिल्या पानावर कुंकवानें काढलेलें स्वस्तिक पाहून त्याच्या मनांत भय उपजलें कीं, हें तेथें कोणाच्या दृष्टीस पडलें तर आपणांस कोण समजतील? कुंकवाचा कागद केरांत कसा टाकावा, म्हणून त्यानें तीं दोन्ही पानें समुद्रांत सोडलीं.

पेढीच्या वहीचें पहिलें पान म्हणजे तिचा जन्मलेख, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. श्रीकार, स्वस्तिक, शक, संवत्सर, धन्याचें नांव, सर्व कांहीं तेथेंच असतें. आंत केवळ मास व तिथि. या दोन वह्यांपैकीं एकींत अधिक मास आलेला असल्यामुळें तिच्या शकाविषयीं कांहीं तर्क तरी चालवितां येतो; दुसरीस तेवढाही आधार उरलेला नाहीं. तिसरी वही मात्र सुदैवानें अखंड राहिली. तिचा आरंभ शके १८५७, युवा नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे सन १९३५ च्या ऑक्टोबरची अखेर. चार बिंदूंसह स्वस्तिक ठसठशीत आहे. याच वहीच्या रुमालांत, एका चिंधींत बांधलेलें, इटलीचें दोन लिऱ्यांचें निकेलचें नाणें निघालें. त्यावर सन १९२३, एका अंगास राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याचा मुखवटा, आणि दुसऱ्या अंगास काठ्यांची बांधलेली जुडी व तींत खोंवलेला परशु. आमच्या किनाऱ्यावरचे खलाशी आगबोटींवर देशोदेशीं जात. त्यांच्यापैकीं कोणीतरी तें आणलें असावें.

कुंकवाचें स्वस्तिक आणि परशूची जुडी असे एका रुमालांत शेजारीं आलेले पाहून, या चिन्हांची व त्यांच्या सोबतीच्या गणवेशांची वंशावळ एकदां कागदांवरून तपासावी असें वाटलें. आकार सारखा म्हणून वंश एक, असें धरून चालण्याची चूक आपल्यांतले भलेभले करतात. त्या तरुणानें केलेलें नुकसान त्याच चुकीचें फळ होय.

स्वस्तिक या शब्दाची व्युत्पत्ति सर्वश्रुत आहे. सु आणि अस्ति यांपासून स्वस्ति, व त्यापासून स्वस्तिक. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतरचीं पत्रें स्वस्तिश्री या अक्षरांनींच सुरू होतात. नाट्यशास्त्रांत स्वस्तिक म्हणजे हातांची एक विशिष्ट रचना, योगांत आसन, वास्तुविद्येंत घराचा एक प्रकार, जैनांच्या येथें सुपार्श्वनाथांचें लांछन. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवर हा आकार सांपडतो, पण त्यास ते लोक काय म्हणत, हें कोणास ठाऊक? शब्दाचा अत्यंत जुना आणि मोठा मौजेचा उल्लेख पाणिनीच्या अष्टाध्यायींत, सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत आहे. लक्षणवाचक शब्दापुढें कर्ण हा शब्द आला असतां पूर्वपदाचा अन्त्य स्वर दीर्घ होतो, जसें दात्राकर्ण, असा तेथील नियम. आणि ज्या नऊ शब्दांस तो लागू नाहीं त्यांत स्वस्तिक हा एक. लक्षण म्हणजे काय, याचा खुलासा काशिकाकार करतात: हें जनावर कोणाचें, हें कळावें म्हणून त्याच्या कानावर केलेली खूण. म्हणजे पाणिनीच्या काळीं स्वस्तिक ही गुरांच्या कानावरची, धन्याची मालकी सांगणारी खूण होती. मंगलार्थ मागाहून आला असें माझें म्हणणें नाहीं. दोन्ही अर्थ एकाच वेळीं नांदत असतील. परंतु उंबऱ्यावरचें स्वस्तिक आणि गाईच्या कानावरचें स्वस्तिक यांत आकाराचा भेद नसून कार्याचा भेद आहे, हें शाळेंत तें सूत्र शिकवितांना माझ्या कधीं ध्यानांत आलें नाहीं. जर्मनींत माणसांच्या दंडावर तेंच चिन्ह पट्टीनें बांधलें गेलें, त्याचीं चित्रें पाहिल्यावर आलें.

आतां जर्मनांनीं तें आपल्याकडून नेलें काय? असें आपल्याकडे पुष्कळांस वाटतें, कित्येकांस त्याचा अभिमान वाटतो व कित्येकांस संताप. दोहोंस पुरावा तोकडा आहे. हेन्रिख श्लीमान यानें ट्रॉयच्या उत्खननांत, १८७० नंतरच्या दशकांत, हा आकार शेंकडों मृत्पात्रांवर व मण्यांवर पाहिला व त्याविषयीं संस्कृतज्ञांचे अभिप्राय मागविले. ऋग्वेदाचा संपादक मॅक्स म्युल्लर यानें त्यास जें उत्तर धाडलें, तें श्लीमानच्या ग्रंथांत छापलेलें आहे. स्वस्तिक हा शब्द भारतांत जन्मला, त्यास भारतांत स्वतःचा इतिहास व ठरलेला अर्थ आहे, म्हणून भारताबाहेरच्या आकारास हें नांव देणें मला रुचत नाहीं, असा त्याचा भावार्थ. नांवाबरोबर अर्थही अनवधानानें प्रवास करतो, ही त्याची भीति होती. इंग्रजी लेखकांनीं हा इशारा मनावर घेतला नाहीं. जर्मन भाषेंत मात्र त्या आकारास हाकेनक्रॉइट्स, म्हणजे आंकड्यांचा क्रूस, असेंच म्हणत आले, आणि हिटलरच्या आत्मचरित्रांतही तोच शब्द आहे. आर्यवंशाच्या खुळानें पछाडलेल्या कित्येक जर्मन मंडळ्यांनीं पहिल्या महायुद्धापूर्वींच हें चिन्ह उचललें होतें. हिटलरच्या पक्षानें सन १९२० मध्यें तें आपल्या ध्वजावर घेतलें. लाल पट, मध्यें पांढरें वर्तुळ, त्यांत काळें चिन्ह. फ्रीडरिख क्रोन नांवाच्या दंतवैद्यानें नमुना सुचविला होता; परंतु अखेरचें रूप आपणच निश्चित केलें, असें हिटलर स्वतः सांगतो. सन १९३३ मध्यें तो पक्षध्वज राष्ट्रध्वजाच्या जोडीस बसला आणि १५ सप्टेंबर १९३५ रोजीं न्यूरेंबर्ग येथें केलेल्या कायद्यानें तोच एकटा राष्ट्रध्वज झाला. यहुदी लोकांचें नागरिकत्व काढून घेणारा कायदाही त्याच बैठकींतला. आमच्या पेढीच्या वहीवर मालवणांत कुंकवाचें बोट फिरलें तें त्यानंतर दीड महिन्याच्या आंत.

येथें एका लोकभ्रमाचा परिहार केला पाहिजे. त्यांचें स्वस्तिक उलटें व आपलें सुलटें, असें घरोघरीं सांगतात. तें खरें नव्हे. नाझी ध्वजावरील चिन्हाच्या भुजा आपल्या नेहमींच्या स्वस्तिकाप्रमाणेंच उजवीकडे वळतात, आणि आपल्याकडे डावें स्वस्तिकही अज्ञात नाहीं. त्यांचें चिन्ह बहुधा कोनावर तिरपें उभें असतें व त्यांत बिंदु नसतात, एवढा भेद दाखवितां येतो. पण हिटलरच्या खासगी निशाणावर तें सरळही होतें. केवळ आकारावरून निवाडा करूं म्हणणाऱ्याचे हात येथें टेंकतात. ग्रंथसंग्राहकांनीं किपलिंगचें उदाहरण ध्यानांत ठेवावें. तो मुंबईंत जन्मलेला. त्याच्या ग्रंथांच्या वेष्टनावर गजमुख व स्वस्तिक असे. नाझी पक्ष प्रबळ होतांच त्यानें तें स्वस्तिक काढविलें. त्याच्या एखाद्या प्रतीवर स्वस्तिक दिसल्यास ती अगोदरची असा अंदाज बांधतां येतो; तिचा धनी नाझी होता असा नव्हे.

नाण्यावरची जुडी स्वस्तिकाहून निराळ्या मार्गानें आली आहे, कारण तिचा वंश स्वच्छ सांपडतो. प्राचीन रोममध्यें अधिकाऱ्यापुढें चालणारे लिक्टर नांवाचे चोपदार खांद्यावर काठ्यांची जुडी घेत. कॉन्सलपुढें बारा, डिक्टेटरपुढें चोवीस. तिचें लॅटिन नांव फासेस, व त्यावरूनच पुढें फॅसिस्ट. काठ्या फटक्यांसाठीं, परशु शिरच्छेदासाठीं. आपल्या दंडनीतींतल्या दंडाची ती अक्षरशः मूर्ति. परंतु नगराच्या पवित्र सीमेच्या आंत कॉन्सलच्या जुडींतून परशु काढून ठेवीत, कारण रोमच्या नागरिकास देहांतशिक्षेविरुद्ध लोकसभेकडे दाद मागण्याचा हक्क होता. डिक्टेटरपुरता मात्र हा नियम शिथिल असे. अठराव्या शतकांत फ्रान्स व अमेरिका येथील लोकसत्तांनींही ही जुडी ऐक्याचें चिन्ह म्हणून घेतली आणि वॉशिंग्टन येथील लिंकनच्या भव्य पुतळ्याच्या आसनालाही ती आहे. मुसोलिनीनें २३ मार्च १९१९ रोजीं मिलान येथें आपला गट स्थापला, १९२२ च्या ऑक्टोबरांत सत्ता घेतली, लगेच पुढच्या वर्षीं नाण्यावर जुडी आणली, आणि १९२६ च्या डिसेंबरांत ती राज्याचें अधिकृत चिन्ह केली. माझ्यासमोरच्या नाण्यावर परशु आहे. रोमनांनीं जो नगराच्या वेशीवर उतरविला, तो या मंडळींनीं नगरांतल्या प्रत्येक नागरिकाच्या खिशांत घातला.

याच ओघांत कालगणनेचा एक मुद्दा, संग्राहकांच्या उपयोगाचा. सन १९२७ पासून इटलींतील सरकारी कागदांवर ख्रिस्ती सनाजवळ रोमन अंकांत फॅसिस्ट वर्ष लिहीत. त्याचा आरंभ रोमवरील चालीच्या दिवसाच्या, म्हणजे २८ ऑक्टोबर १९२२ च्या, दुसऱ्या दिवसापासून मोजीत. आपल्या राज्याभिषेक शकाचें कोणास स्मरण होईल, व होण्यासारखें आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस सुरू झालेला तो शक नव्या सार्वभौमत्वाची घोषणाच होता. नवा शक काढणें हें नव्या सत्तेचें जुनें लक्षण आहे; त्यावरून त्या सत्तेचें शील ठरत नाहीं. हातवर करण्याचा रोमन म्हणविला जाणारा नमस्कार मात्र रोमच्या ग्रंथांत आधार नसलेला. तो रंगभूमीवरून व चित्रपटांतून उचललेला असून कवि दानुन्त्सिओ यानें फियुमे शहर बळकाविलें त्या वेळीं, १९१९ मध्यें, चळवळींत रूढ केला.

आतां गणवेश. काळा सदरा इटलीच्या महायुद्धांतील आर्दीति नांवाच्या हल्लेखोर तुकड्यांकडून आला. जर्मनांच्या तपकिरी सदऱ्याची कथा याहून क्षुल्लक व म्हणूनच शिकण्यासारखी आहे. पूर्व आफ्रिकेंतील जर्मन वसाहतीच्या सैन्यासाठीं शिवलेले सदरे युद्ध संपल्यावर पडून राहिले होते. ते सन १९२४ च्या सुमारास ऑस्ट्रियांतून स्वस्तांत मिळाले. ज्या रंगानें पुढें युरोपास धडकी भरविली, तो रंग गुदामांतल्या शिलकी मालाचा! वसाहतींतल्या सैनिकांस हा मातकट वर्ण देण्याची रीत इंग्रजांनीं आपल्याच देशांत पाडली. हॅरी लम्सडेन यानें पेशावरकडे १८४६ पासून गाइड नांवाचें पथक उभारलें, त्यास धुळीच्या रंगाचे कपडे दिले, व खाक म्हणजे धूळ यावरून खाकी हा शब्द जगभर गेला. स्वस्तिकाप्रमाणें हाही शब्द येथूनच बाहेर पडला, हा योगायोग नमूद करून ठेवतों.

खाकी आपल्याकडे १९२० च्या दशकांत सर्वांच्याच अंगावर होती. पोलिसांच्या होती, बालवीरांच्या होती. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या होती. १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसांत सुभाषबाबू स्वयंसेवकांचे सेनापति म्हणून लष्करी थाटांत फिरले. पेशावरकडे १९३० मध्यें खुदाई खिदमतगारांचे लाल सदरे गाजले. त्यांनीं गोळ्या झेलल्या, झाडल्या नाहींत. रंगीत सदरा, रांग आणि सलामी दिसतांच फॅसिझम असें म्हणूं लागलों तर अब्दुल गफारखानांसही त्या पंगतीस बसवावें लागेल. दुसऱ्या बाजूस, सदरा येथलाच म्हणून मनही येथलेंच, हें अनुमानही तितकेंच फोल. त्यासाठीं माणसांचे कागद पाहावे लागतात, आणि महाराष्ट्रांत तसा एक कागद आहे.

नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे पेशानें नेत्रवैद्य, बोअर युद्धांत वैद्यकीय पथकांत काम केलेले, हिंदुमहासभेचे पुढारी. पहिल्या गोलमेज परिषदेहून परततांना ते १९३१ च्या मार्चांत इटलींत गेले. १९ मार्च रोजीं रोममध्यें त्यांनीं लष्करी महाविद्यालय, फॅसिस्ट शारीरिक शिक्षणाची प्रबोधिनी व बालिल्ला संघटनेचें कार्य पाहिलें, आणि त्याच दिवशीं दुपारीं पालात्सो व्हेनेत्सिआ येथें मुसोलिनीची भेट घेतली. फॅसिस्ट गणनेनें तें नववें वर्ष. १७४६ मध्यें जेनोआंत ऑस्ट्रियन शिपायांवर दगड फेंकणाऱ्या मुलाच्या नांवावरून बालिल्ला हें नांव पडलें. काळा सदरा, निळा रुमाल व काळी गोंडेदार टोपी घातलेलीं आठ ते चौदा वर्षांचीं मुलें तींत कवाईत करीत. मुंजे यांची दैनंदिनी दिल्लीच्या तीनमूर्ति भवनांतील संग्रहांत जतन झाली आहे, आणि मार्झिया कासोलारी या इटालियन विदुषीनें सन २००० मध्यें तिच्यावर सविस्तर निबंध लिहिल्यापासून ती अभ्यासकांच्या चर्चेंत आली. त्या मुलांस पाहून डॉक्टर मोहून गेले. हिंदुस्थानास व विशेषतः हिंदूंस अशीच संस्था हवी असें त्यांनीं लिहून ठेवलें. त्याच ठिकाणीं ते आणखी एक गोष्ट लिहितात: नागपुरांतील डॉ. हेडगेवार यांचा संघ याच जातीचा आहे, मात्र त्याची कल्पना सर्वस्वी स्वतंत्रपणें सुचलेली आहे.

या नोंदीचे दोन्ही अर्धे भाग वाचले पाहिजेत. एक पक्ष पहिला वाचून थांबतो, दुसरा पक्ष दुसरा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ च्या विजयादशमीस निघाला, व त्याचा खाकी पोशाख त्यानंतर लवकरच ठरला. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या स्वयंसेवक दलाचा तो वारसा असें संघाच्या बाजूनें सांगितलें जातें. कालक्रमच असा आहे कीं, १९३१ च्या रोमभेटींतून तो पोशाख निघूं शकत नाहीं. तेव्हां खाकी चड्डी हा काळ्या सदऱ्याचा पुरावा म्हणून पुढें करणारे इतिहासाच्या कचेरींत खटला हरतील. परंतु त्यामुळें आकर्षण खोटें ठरत नाहीं. एक सुविद्य, अनुभवी महाराष्ट्रीय पुढारी मुसोलिनीच्या बालसैन्यासमोर उभा राहिला आणि त्यास त्यांत आपल्या मुलांचें भविष्य दिसलें, हें त्यानें स्वहस्तें लिहिलें आहे. तेव्हां विरोधी पक्ष बंद झाले होते, मात्तेओत्तीच्या खुनास सात वर्षें होत आलीं होतीं. हें लंडनहून येणाऱ्या गृहस्थास ठाऊक नसेल असें मला वाटत नाहीं. पारतंत्र्यांत मन बळाच्या दर्शनास हपापलेलें असतें, हें मी समजूं शकतों. पण समजणें निराळें व झांकणें निराळें.

मुंजे यांनीं पुढें १९३५ मध्यें सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी काढली व १९३७ मध्यें नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. शाळेच्या भूमीस रामभूमि व विद्यार्थ्यास रामदंडी असें म्हणतात. दंडी शब्द पाहून कोणी हौशी संशोधक त्याचें नातें रोमच्या दंडजुडीशीं लावूं पाहील तर ती निव्वळ कोटी होईल. शाळेचें रोमशीं नातें आहे तें संस्थापकाच्या दैनंदिनींतून, नांवांतून नव्हे. इंग्रज सरकारनें मात्र असा विवेक केला नाहीं. १९४० च्या ऑगस्टांत त्यानें सर्वच खासगी दलांच्या कवाईतीवर व लष्करासारख्या पोशाखावर बंदी घातली. त्याच सुमारास संघाचा खाकी सदरा पांढरा झाला. खाकी अर्धी विजार राहिली, ती २०१६ मध्यें तपकिरी पूर्ण विजारीस जागा देईपर्यंत.

नागपूर, नाशिक आम्हां किनाऱ्यावरच्यांस दूर. या कुळांतला सर्वांत जवळचा गणवेश तेरेखोलच्या पलीकडला. पोर्तुगालांत सालाझारच्या राजवटीनें १९३६ मध्यें मोसिदाद पोर्तुगेझा ही मुलांची संघटना स्थापिली. हिरवा सदरा, आखूड खाकी विजार, उजवा हात पुढें करून सलामी, आणि कमरपट्ट्याच्या पितळी पट्टीवर एस हें अक्षर. तें सेवा या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर असें अधिकृतपणें म्हणत. लोक सालाझार असें वाचीत. पुढें ही संघटना वसाहतींतही नेण्यांत आली. त्याच वर्षीं निघालेल्या पोर्तुगीज लीजननें आव्हिश नांवाच्या मध्ययुगीन क्षात्रसंघाचा हिरवा क्रूस चिन्ह म्हणून घेतला. वास्को द गामाच्या गलबतांच्या शिडांशीं जो तांबडा क्रूस जोडला जातो, तो ख्रिस्तसंघाचा. दोहोंचा घोटाळा करूं नये. जुनें पवित्र चिन्ह घेऊन नव्या दंडसत्तेस पुरातनत्व आणण्याची युक्ति तीच. मुसोलिनी १९४५ मध्यें संपला, हिटलरही त्याच वर्षीं. परंतु सालाझारचा अंमल आमच्या शेजारीं १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकला. १९५४ व १९५५ सालीं बांदे व तेरेखोल या बाजूंनीं सत्याग्रही आंत शिरले, त्यांच्या अंगांवर कसलाही गणवेश नव्हता.

त्या तरुण वारसास मीं पत्रानें कळविलें आहे कीं, जर्मनीच्या दंडसंहितेंतील ८६ अ या कलमानें नाझी चिन्हांच्या प्रदर्शनास बंदी आहे, परंतु संशोधन, अध्यापन व इतिहासकथन यांस त्यांत सूट आहे. आणि पणज्याच्या कीर्दीवरचें स्वस्तिक हें मुळांत त्या पक्षाचें चिन्हच नव्हे. वही त्यानें आतां मालवणांतच ठेवली आहे. दप्तराच्या यादींत मीं पुढीलप्रमाणें नोंद केली. रुमाल तिसरा: कीर्द, शके १८५७, पहिलें पान अखंड, कुंकवाचें स्वस्तिक चार बिंदूंसह, उजवें, लक्ष्मीपूजनप्रसंगींचें. त्याच रुमालांत नाणें एक, इटली, दोन लिरा, निकेल, सन १९२३, दंडजुडी परशुसहित. कोणी आणलें तें लिहिलेलें नाहीं. रुमाल पहिला: कीर्दी दोन, पहिलीं पानें नाहींत, फाडण्याचें कारण, स्वस्तिक.